फाटा केव्हा फोडावा?

बोलताना फाटे फोडू नयेत, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे मात्र फाटा फोडायचा की नाही, हा नेहमीचाच प्रश्न असतो. समजा, एक पाठ्यपुस्तक शाळांत पोहोचले आणि पुढच्या आवृत्तीचे काम सुरू झाले. तेवढ्यात जुन्या पुस्तकात चूक सापडली. ती तातडीने सुधारायची, पण नव्या आवृत्तीतली अर्धवट प्रकरणे त्यात येता कामा नयेत. एकाच मजकुराच्या दोन वाटा झाल्या. आज्ञावलीच्या बाबतीत मुख्य वाटेला खोड म्हणतात आणि वेगळ्या वाटेला शाखा.

आवृत्त्यांची नोंद ठेवणारी एससीसीएस ही प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केली. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये आरसीएस मांडली. तिच्यात खोडावरच्या आवृत्त्यांना १.१, १.२ असे क्रमांक असत, १.२ पासून फुटलेल्या शाखेवरची पहिली आवृत्ती १.२.१.१. क्रमांक वाचला की वंशावळ कळे.

शाखा कशी फोडायची ते यंत्राने सोपे केले. केव्हा फोडायची, ते माणसांना अनुभवानेच शिकावे लागले. लिनक्स या कार्यप्रणालीचा इतिहास याचा चांगला दाखला आहे. तिथे सम क्रमांकाची मालिका वापरासाठी आणि विषम क्रमांकाची प्रयोगांसाठी असे. २.४ ही मालिका जानेवारी २००१ मध्ये आली, प्रयोगांची २.५ मात्र नोव्हेंबरपर्यंत उघडली नाही. परीक्षकांचे लक्ष २.४ वरच राहावे, हा त्यातला फायदा. पण नव्या कामाला दुसरी जागाच नव्हती. सप्टेंबरमध्ये स्मृती-व्यवस्थापनाचा मोठा भाग थेट ‘स्थिर’ मालिकेतच बदलला गेला.

पुढे उलटे झाले. २.५ चे फळ असलेली २.६ डिसेंबर २००३ मध्ये आली. मधल्या दोन वर्षांत वितरक कंपन्यांनी नव्या सोयी स्वतःच जुन्या २.४ मध्ये बसवल्या. फाटा उशिरा फोडला तर खोड हलते. फार काळ वेगळा ठेवला तर खोडाशी जुळवणे जड जाते.

म्हणून २.७ उघडलीच नाही. मोठे बदल थोडेथोडे करून खोडातच घ्यायचे ठरले. शाखा ठेवली ती प्रकाशित आवृत्तीतील चुका सुधारण्यासाठी. मार्च २००५ मधली २.६.११.१ ही तिची सुरुवात. पुढच्याच महिन्यात लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्यात नवी शाखा म्हणजे चाळीस अक्षरांची एक खूण, क्षणात तयार होणारी. पण फोडणे स्वस्त झाले म्हणून जोडणे स्वस्त झाले नाही. दोघांनी एकच ओळ वेगळ्या हेतूने बदलली, तर कोणता हेतू राखायचा हे यंत्र सांगू शकत नाही.

दोन आवृत्त्या एकाच वेळी जगवणे भाग असेल आणि त्यांच्याकडून अपेक्षा वेगळ्या असतील, तेव्हा शाखा फोडावी. नुसता निर्णय लांबवण्यासाठी फोडू नये.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एकाच निबंधाच्या दोन प्रती दोन गटांना सुधारायला द्या. एकदा त्या दुसऱ्या दिवशी जुळवा आणि एकदा, दुसरा निबंध घेऊन, पंधरा दिवसांनी. दोन्ही वेळा किती ओळींवर वाद झाला, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.