घरातील पोथ्या, चोपड्या आणि छायाचित्रे

ग्रंथाच्या अखेरीस प्रशस्ती लिहिण्याची प्रथा जैन परंपरेत फार जुनी आहे. ग्रंथ कोणी लिहवून घेतला, त्याचे कुल-गोत्र कोणते, गाव कोणते, संवत् कोणता, हे तेथे वाचावयास मिळते. राजांच्या बखरींत ज्यांना जागा मिळाली नाही, अशा कित्येक श्रावक-श्राविकांची नावे या प्रशस्तींमुळेच ज्ञात आहेत.

कुटुंबस्मृतीचे याहून मोठे धन म्हणजे बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’. जौनपूर येथे १५८६ साली श्रीमाल कुळात जन्मलेल्या या व्यापाऱ्याने १६४१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, आपली जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून तिला त्यांनी अर्धी कथा म्हटले. भारतीय भाषांतील आरंभीचे आत्मचरित्र म्हणून ती मान्यता पावली आहे. कथेचा आरंभ मात्र आजोबा मूलदास व वडील खरगसेन यांच्यापासून होतो. व्यापारातील खोट, १६०५ साली अकबराच्या निधनाची वार्ता ऐकताच जिन्यावरून पडून फुटलेले डोके, तीन विवाह, नऊ अपत्ये आणि त्यांतील एकही न वाचणे; लेखकाने काहीच झाकलेले नाही. तारुण्यात रचलेली ‘नवरस’ ही शृंगारप्रधान पोथी त्यांनी स्वतःच गोमतीत टाकली. ती अस्तित्वात होती एवढे तरी आपणास कळते, ते त्यांनी ते लिहून ठेवले म्हणून. तीनशे वर्षांनी, १९४३ साली, नाथूराम प्रेमींनी मुंबईहून ‘अर्धकथानक’ संपादून प्रसिद्ध केले.

आपल्या घरांतील मोडी चोपड्यांचे काय? त्या वाचणारे थोडे उरले, म्हणून कित्येक रद्दीत गेल्या. छायाचित्रांची अवस्था तर अधिक केविलवाणी. पागोटे बांधून खुर्चीत बसलेले गृहस्थ, मागे नऊवारीतील दोन स्त्रिया. चेहरे स्पष्ट, नावे मात्र घरातील एखाद्या वृद्धेलाच ठाऊक. कॅमेरा मुद्रा टिपतो, नाते टिपत नाही.

श्रुतपंचमीस, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, शास्त्रभांडारातील पोथ्या बाहेर काढून त्यांची वेष्टने बदलली जातात. त्याच दिवशी घरातील छायाचित्रेही आजीसमोर मांडावीत. ती सांगेल ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने मागे लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. एखादे नाव तिला आठवले नाही, तर ‘आठवले नाही’ असेच लिहावे, अंदाजाने नाव घालू नये.