दोष ऋतूचा की हातांचा?

“थंडी पडू दे, मग ऑपरेशनचे पाहू,” असे आमच्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली. उन्हापावसात जखम चिघळते, असा त्यांचा अनुभव. परंतु हवेला दोष देण्याची रीत केवळ खेड्यापाड्यांतली नव्हे. एके काळी युरोपातील नामांकित वैद्यही तीच धरून बसले होते, आणि त्यापायी कित्येक माता प्राणास मुकल्या.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभरातील सुमारे दहा बाळंतिणी ज्वराने दगावल्या; दुसऱ्यात चारांहून कमी. ऋतुमान बिघडले, हवा दूषित झाली, हे कारण ठरलेले. १८४६ साली तेथे साहाय्यक म्हणून रुजू झालेल्या इग्नाझ सेमेलवाइस यांना मात्र प्रश्न पडला : एकाच आवारातील दोन विभागांवर ऋतूचा कोप निरनिराळा कसा?

त्यांनी एकेक कारण तपासले. मरणोन्मुखांना अंतिम संस्कार देण्यास जाणारे धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागाच्या खोल्यांमधून जात. त्या धास्तीनेच ज्वर येत असावा, अशीही शंका होती. सेमेलवाइस यांच्या विनंतीवरून धर्मगुरू आडवाटेने, घंटेविना येऊ लागले. मृत्यू थांबले नाहीत. बिचाऱ्या घंटेवर उगाच आळ!

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारले. त्यांच्या देहात बाळंतिणींच्याच रोगाच्या खुणा आढळल्या. शवागारातून विद्यार्थी थेट प्रसूतिगृहात येत, हे सेमेलवाइस यांच्या ध्यानी आले. मेच्या मध्यापासून क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये मृत्यूंचे प्रमाण १८ टक्के होते; जूनमध्ये ते दोनांच्या आसपास आले.

हिवाळ्यात मृत्यू अधिक, हे सेमेलवाइस यांनी नाकारले नाही. उन्हाळ्यात विद्यार्थी शहराबाहेर रमतात, हिवाळ्यात शवागारात, असा त्यांचा खुलासा! तो बहुतेकांना रुचला नाही. १८६५ साली ते मनोरुग्णालयात, जखम दूषित होऊनच निवर्तले.

तरीही ऋतू सर्वस्वी निर्दोष नाही. अमेरिकेतील १९९८ ते २०११ या काळातील नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेची जखम दूषित झाल्याने दाखल होणारे रुग्ण ऑगस्टमध्ये सर्वाधिक आणि जानेवारीत सर्वांत कमी आढळले. हात धुतले जात असतानाही तापमानाबरोबर धोका चढत होता. घाई नसलेले ऑपरेशन थंडीवर ढकलणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना आम्ही उगाच हसलो, असे आता वाटते.