सामाईक भिंत

घर घेण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शाळामास्तराच्या डोक्यात बँकेचे कर्ज आणि रजिस्ट्री, याखेरीज दुसरे काय असणार? पण औरंगाबादेत, म्हणजे 2023 नंतरच्या छत्रपती संभाजीनगरात, जुन्या वस्तीतले एक घर मनात भरले आणि मालकांनी ट्रंकेतून मूळ खरेदीखत काढले. सारे उर्दूत! साल फसली 1352, किंमत हाली रुपयांत.

वाचकहो, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. दरबारी फारसी जाऊन उर्दू आली ती 1880 च्या दशकात. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे ‘चले जाव’च्या सुमाराचे हे खत. हाली हे निजामाचे नाणे. सुमारे सात हालींना सहा कलदार पडत.

आमच्या शाळेतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांनी चष्मा पुसून चतुःसीमा वाचल्या आणि ते थबकले.

“मास्तर, दक्षिणेची भिंत मुश्तरका आहे. सामाईक!”

दलाल तर तिच्यावर मजला चढवा म्हणत होता. मी शेजारच्या आजींकडे गेलो.

“तसाच कागद आमच्याकडंही आहे, बाबा,” त्या म्हणाल्या. “आजवर कुणी विचारलंच नाही.”

घर घेतले. वरच्या खोलीचा बेत तेवढा राहिला. पत्नी दोन दिवस बोलली नाही. नव्या खरेदीखतात मात्र मी स्वतः सांगून लिहवून घेतले : दक्षिणेस सामाईक भिंत.