टीकाकाराची मोजपट्टी

वृत्तपत्रांतील टीकाकाराच्या नशिबीं एक चमत्कारिक अन्याय लिहिलेला असतो. त्याचीं जीं मतें पुढें खरीं ठरतात तीं सर्वांच्या मालकीचीं होऊन जातात. जीं चुकतात तीं मात्र कायमचीं त्याच्या एकट्याच्या नांवावर राहतात. 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्राचे चित्रपट-टीकाकार बॉस्ली क्राउदर (१९०५–१९८१) यांच्या वांट्यास हा अन्याय पुरेपूर आला. १९४० पासून १९६७ पर्यंत ते त्या पत्राचे प्रमुख चित्रपट-टीकाकार होते. इतक्या दीर्घ काळांत त्यांनीं शेंकडों चित्रपटांवर मत दिलें. परंतु आज त्यांचें नांव निघतें तें बहुधा एका चुकीच्या संदर्भांत. त्या चुकीचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. ती चूक आणि त्यांची खरी कामगिरी हीं दोन्ही एकाच मुळांतून कशीं निघालीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

क्राउदर यांचें स्थान मोठ्या अधिकाराचें होतें. हॉलिवुडच्या बड्या कंपन्यांचे बोलपट जाहिरातीच्या बळावर तरून जात. पण परदेशांतून आलेल्या आणि एखाद्या लहान चित्रगृहांत लागलेल्या चित्रपटाचें भवितव्य पुष्कळ अंशीं 'टाइम्स'मधील परीक्षणावर अवलंबून असे. चित्रपट ही केवळ घटकाभर करमणूक नव्हे, सुजाण नागरिकाच्या विचाराचा तो विषय आहे, आणि समाजाविषयीं त्यास कांहीं जबाबदारीचें सांगावयाचें असलें पाहिजे, ही त्यांची श्रद्धा होती. हीच त्यांची मोजपट्टी. १९४१ सालीं ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' आला. त्याचा नायक वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यावरून बेतला आहे असा बोभाटा झाला, आणि हर्स्ट यांच्या पत्रांनीं त्या चित्रपटावर बहिष्कार घातला. क्राउदर यांनीं मात्र त्याचें मोकळ्या मनानें स्वागत केलें. परंतु लगेच दुसरा लेख लिहून, नायकाच्या अंतरंगाचा ठाव शेवटपर्यंत लागत नाहीं, ही आपली शंकाहि त्यांनीं नोंदविली. कलेनें दिपणारी दृष्टि आणि अर्थ मागणारी बुद्धि यांची ही ओढाताण त्यांच्या लेखनांत पुढेंहि वारंवार दिसते.

महायुद्धानंतर इटलींतून नव्या धर्तीचे चित्रपट येऊं लागले. त्यांतील रस्ते खरे, माणसें साधीं आणि दारिद्र्य उघडें होतें. रॉसेलिनी यांचा 'ओपन सिटी' १९४६ सालीं व दे सिका यांचा 'बायसिकल थीफ' १९४९ च्या अखेरीस न्यूयॉर्कला लागला. दोहोंचीहि थोरवी क्राउदर यांनीं वाचकांस आवर्जून सांगितली. खरा कसोटीचा प्रसंग आला तो १९५० च्या डिसेंबरांत, रॉसेलिनी यांच्या 'मिरॅकल' या छोट्या चित्रपटामुळें. शेळ्या राखणारी एक भोळसर स्त्री एका वाटसरूस संत जोसेफ समजते, आणि पुढें आपल्या पोटीं येणारें मूल ईश्वरी आहे असें मानते, अशी ती कथा. कॅथॉलिक धर्माधिकाऱ्यांना ती पाखंड वाटली. कार्डिनल स्पेलमन यांनीं जाहीर निषेध केला, चित्रगृहापुढें निदर्शनें झालीं, आणि फेब्रुवारी १९५१ मध्यें न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण-नियामक मंडळानें त्याचा परवाना रद्द केला. क्राउदर यांनीं या बंदीविरुद्ध निर्भीडपणें लेखणी चालविली. वितरक जोसेफ बर्स्टिन यांनीं दावा शेवटपर्यंत नेला. आणि मे १९५२ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं चित्रपट हेंहि विचार प्रकट करण्याचें साधन असून घटनेनें दिलेलें भाषणस्वातंत्र्य त्यासहि लागू आहे. याच न्यायालयानें १९१५ सालीं चित्रपट म्हणजे निव्वळ धंदा, असें ठरविलें होतें! हा निकाल कांहीं टीकाकारानें मिळविला नाहीं. पण भल्याभल्यांच्या लेखण्या ज्या काळांत भीतीनें थबकत होत्या, त्या काळांत एवढ्या मोठ्या पत्रांतून स्वच्छ बोलणें, ही लहान गोष्ट नव्हती.

तथापि हीच मोजपट्टी कित्येकदां अपुरी पडे. त्याचा अनुभव आपल्या देशास १९५८ सालीं आला. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' त्या वर्षीं सप्टेंबरांत न्यूयॉर्कला प्रदर्शित झाला. त्यापूर्वींच, १९५६ सालीं, कान येथील महोत्सवांत त्याचा गौरव झालेला होता. त्यांतील दारिद्र्याची व्यथा क्राउदर यांच्यापर्यंत पोंचली. हळूहळू दाटत जाणारें कारुण्यहि त्यांनीं मान्य केलें. पण रचना त्यांना सैल वाटली, आणि हॉलिवुडमध्यें हा चित्रपट कच्चा खर्डा म्हणूनहि जेमतेम खपेल, असा अभिप्राय त्यांनीं दिला. प्रेक्षकांनीं तो मानला नाहीं; चित्रपट कित्येक महिने चालला. काशफुलांच्या रानांतून आगगाडी पाहावयास धांवणारीं दोन भावंडें कथानक पुढें नेत नाहींत, हें खरें. पण तें धांवणें हेंच तेथील कथानक आहे. नवल असें कीं, राय यांना चित्रपटाची वाट दाखविली ती दे सिका यांच्या त्याच चित्रपटानें! इटलीचें दारिद्र्य ओळखणाऱ्या दृष्टीला बंगालच्या खेड्याची संथ लय मात्र ओळखतां आली नाहीं.

एवढ्यावरून ते हटवादी होते असें कोणी समजूं नये. हिचकॉक यांच्या 'सायको'ची १९६० सालीं त्यांनीं प्रथम फारशी पत्रास ठेवली नाहीं. पण वर्षअखेरच्या निवडक दहा चित्रपटांत त्यास जागा दिली. १९६३ च्या 'क्लिओपात्रा'च्या भव्यतेस त्यांनीं दिलेला मान पुढें टिकला नाहीं. १९६४ सालीं कुब्रिक यांच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधील कौशल्य त्यांना दिसलें. पण देशाची सारी संरक्षण-यंत्रणाच हास्यास्पद ठरविणारा तो अणुयुद्धावरील विनोद त्यांना पेलला नाहीं.

आणि मग १९६७ चा ऑगस्ट उजाडला. आर्थर पेन यांच्या 'बॉनी अँड क्लाइड'मध्यें मंदीच्या काळांतील दोन खऱ्या दरोडेखोरांची कथा आहे. तींत हंसूं आणि रक्तपात शेजारीं शेजारीं बसविले आहेत. क्राउदर यांना ही खुनाची थट्टा वाटली. त्यांनीं एकदां नव्हे, अनेकदां तिचा धिक्कार केला. व्हिएतनामच्या युद्धाचीं दृश्यें पाहत वाढणाऱ्या तरुण प्रेक्षकांना त्याच चित्रपटांत आपल्या काळाची अस्वस्थता दिसत होती. 'न्यूजवीक'च्या टीकाकारानें आपलें प्रतिकूल मत पुढच्याच अंकांत मागें घेतलें. ऑक्टोबरांत पॉलीन केल यांनीं 'न्यूयॉर्कर'मध्यें प्रदीर्घ लेख लिहून चित्रपटाची बाजू मांडली. क्राउदर जागचे हलले नाहींत. वर्ष संपतां संपतां त्यांचें पद गेलें, आणि त्यांच्या जागीं रेनाटा अ‍ॅडलर ही तरुण लेखिका आली.

आमच्या मतें १९५१ चें धैर्य आणि १९६७ चें अंधत्व हीं दोन माणसांचीं नव्हेत. चित्रपटाचा माणसाच्या मनावर खोल परिणाम होतो, असें ज्याला मनापासून वाटतें, तोच त्याच्या स्वातंत्र्यासाठीं झगडतो आणि तोच त्याच्या स्वैरपणानें व्यथित होतो. ज्याला चित्रपट म्हणजे नुसता वेळ घालविण्याचा खेळ वाटतो, तो दोन्ही प्रसंगीं स्वस्थ बसतो. शिवाय टीकाकारानें निषेध करणें आणि सरकारनें परवाना काढून घेणें यांत महदंतर आहे. पहिल्यास प्रेक्षक उत्तर देऊं शकतो, दुसऱ्यास नाहीं. 'पथेर पांचाली'च्या आणि 'बॉनी अँड क्लाइड'च्या प्रेक्षकांनीं तसें उत्तर दिलेंहि.

क्राउदर यांचा दोष मोजपट्टी बाळगण्यांत नव्हता. कापड बदललें तरी ती पुन्हां तपासून न पाहण्यांत होता. 'सायको'च्या वेळीं त्यांनीं ती तपासली होती, सात वर्षांनीं तपासली नाहीं. परंतु ज्याची मोजपट्टी आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशीं आपल्याला भांडतां तरी येतें. आणि त्या भांडणांतच आपली स्वतःची अभिरुचि आपल्याला कळूं लागते. सत्तावीस वर्षें वाचकांस असें भांडावयास लावणाऱ्या माणसाचा हिशेब करतांना, शेवटच्या पानावरील बाकीच तेवढी पाहून वही मिटणें न्यायाचें होणार नाहीं.