रोखा, राग आणि न्याय



 शाळेच्या व्यासपीठावरून इतिहास सांगावयाचा तर तो सनावळीपुरता सांगून भागत नाही. आजच्या एखाद्या प्रश्नाकडे पाहण्यास त्याचा काही उपयोग होतो का, हेही पाहावे लागते. म्हणून आजचा विषय मी एका अगदी अलीकडच्या घटनेपासून सुरू करतो.

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी न्यूयॉर्क शहरातील एका हॉटेलाबाहेर ब्रायन थॉम्पसन यांचा गोळ्या घालून खून झाला. युनायटेडहेल्थकेअर या अमेरिकेतील बलाढ्य आरोग्यविमा कंपनीचे ते मुख्य कार्यकारी अधिकारी होते. विलंब करा, नाकारा आणि पदच्युत करा, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द घटनास्थळी सापडलेल्या काडतुसांवर लिहिलेले होते. पुढे एका तरुणाला अटक झाली आणि त्याने न्यायालयात आपण दोषी नसल्याचे सांगितले. त्या खटल्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मला विचार करावयास लावले ते लोकांच्या प्रतिक्रियेने. दोन मुलांचा बाप भर रस्त्यात मारला गेला, आणि हजारो सामान्य माणसांना शोकाऐवजी आठवले ते कंपन्यांनी नाकारलेले आपापले दावे. आरोपीच्या बचावासाठी वर्गणी जमू लागली. एखाद्या समाजात असे घडते, तेव्हा नुसता निषेध करून इतिहासाच्या विद्यार्थ्याची सुटका होत नाही. हा राग कोठून आला आणि तो कोठे जातो, हे त्याला विचारावेच लागते.

असाच राग आपल्या मराठी मुलखात दीडशे वर्षांपूर्वी उसळला होता. १८७५ चे ‘दख्खनचे दंगे’ या नावाने आपण तो शाळेत शिकलो. त्या वेळी समोर विमा कंपनी नव्हती, सावकार होता. हातात पॉलिसी नव्हती, कर्जरोखा होता. पण अडचणीच्या वेळी ज्याच्या दाराशी जावे लागते, त्याच्याच हाती न वाचता येणारा कागद असावा, ही स्थिती दोहोंकडे एकच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचे मोल आले आणि रयतेला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून नव्या पाहणीत सारा वाढला. रयत दोन्हीकडून कात्रीत सापडली.

त्यात कायद्याची भर पडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. जुनी कर्जे पिढ्यानुपिढ्या उगाळली जाऊ नयेत, हा हेतू चांगलाच होता. परंतु सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षे भरत आली की तो व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि मग व्याजावर व्याज चढे. कुळाला अक्षरओळख नसे. नांगराची किंवा दुसरी काही निशाणी करून तो मोकळा होई. फिर्याद झाली की दिवाणी न्यायालय रोखा पाही, निशाणी पाही आणि हुकूमनामा देई. मूळ कर्ज किती, फेडले किती, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नसे. कागद खरा ठरला की कर्ज खरे ठरले!

राग प्रथम दिसला तो बहिष्काराच्या रूपाने. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर तेथील देशमुखांचे घर पाडविले. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला आणि त्यांचे काम कोणी करीना. ही चाल गावोगाव पसरली. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटली आणि रोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील तीसहून अधिक ठिकाणी पोहोचले. एकूण ९५१ माणसे पकडली गेली व ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

या दंग्यांतील एक गोष्ट चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्याही ध्यानात आली. जमावाला हवे होते ते रोखे. सावकाराने ते निमूटपणे दिले तेथे त्याच्या अंगास सहसा कोणी हात लावला नाही. मारहाण झाली, एका सावकाराचा पाय मोडला, आगी लागल्या. पण एवढ्या मोठ्या उठावात माणसे मारण्याचा बेत दिसत नाही. आपले दुखणे नेमके कोठे आहे, हे त्या निरक्षर रयतेला कळले होते.

तथापि त्या रयतेला निर्दोष ठरविण्याची घाई आपण करू नये. राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. ज्या गावी स्थानिक ब्राह्मण किंवा इतर जातींचे लोक तोच धंदा करीत, तेथे त्यांना बहुधा धक्का लागला नाही. म्हणजे अन्याय पद्धतीचा असला तरी शिक्षेसाठी माणूस निवडताना ‘आपला’ आणि ‘परका’ हा भेद झालाच. समूहाच्या रागाला हा दोष नेहमी जडतो. तो खरे कारण शोधतो आणि वाटेत सोयीचा बळीही शोधतो.

पुढे काय झाले? आयोग बसला, त्याचा सविस्तर अहवाल आला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावे. व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब त्याने तपासावा, मुद्दल वेगळे काढावे, व्याज वाजवी ठरवावे आणि हप्ते बांधून द्यावेत. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. रोख्यांच्या नोंदणीची सोय गावपातळीवर झाली. नोंदलेल्या रोख्याची मुदत बारा वर्षे झाल्यामुळे दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्याचे निमित्तही उरले नाही. या कायद्यातही पळवाटा निघाल्या. सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले, आणि तो मार्ग अडविण्यासाठी कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला. कागदाशी झुंज एका कायद्याने संपत नाही.

येथे या सभागृहातील एखादा तरुण मला अडवील, आणि त्याने अडवावे. तो म्हणेल, “दंगा झाला म्हणूनच कायदा झाला ना? मग रागाने काम होते, हेच सिद्ध झाले.” हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. सुप्याच्या आगीशिवाय आयोग इतक्या लवकर बसला नसता, हे मी मान्य करतो. परंतु आगीने रोखे जळाले, हिशेब जळाला नाही. हिशेब सुटला तो तो वाचला गेल्यावर. अर्ज, पाहण्या, सार्वजनिक सभेसारख्या संस्थांनी चालविलेली शेतीच्या दैन्याची चर्चा, आयोगापुढील साक्षी आणि शेवटी न्यायाधीशाची लेखणी, इतक्या हातांनी ते काम झाले.

न्यूयॉर्कच्या घटनेनंतरही हाच युक्तिवाद ऐकू आला. दुसऱ्याच दिवशी, ५ डिसेंबरला, अँथेम या दुसऱ्या विमा कंपनीने शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याच्या कालावधीवर घालू घातलेली मर्यादा मागे घेतली. अनेकांनी त्याचे श्रेय गोळीला दिले. वस्तुस्थिती अशी की भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने त्या मर्यादेविरुद्ध नोव्हेंबरातच जाहीर आवाज उठविला होता. गोळीने भीती वाढविली असेलही. पण मर्यादा चूक का, हे सांगणारी माणसे आधीपासून उभी होती म्हणून ती मागे घेता आली. आणि मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीवर थोड्याच आठवड्यांत दुसरा अधिकारी बसला. सुप्याला रोखा जळाला होता. येथे माणूस गेला आणि रोखा शाबूत राहिला.

आपल्या शहराच्या वेशीवरचे उदाहरण तर अधिक विदारक आहे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ अब्दुल्लापूरमेट येथे एका महिला तहसीलदारांना त्यांच्याच कचेरीत पेट्रोल टाकून जाळण्यात आले. वाद जमिनीच्या पासबुकाचा होता. त्यांना वाचविण्यासाठी धावलेला त्यांचा चालकही दगावला, आणि जाळणाराही भाजून मेला. पुढच्या वर्षी नवा महसूल कायदा आला आणि ‘धरणी’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. तिच्याविषयीही तक्रारींचा डोंगर साचला, आणि २०२५ मध्ये ‘भू भारती’ कायद्याने तिची जागा घेतली. तीन जीव गेले, तरी पासबुकाचा प्रश्न सुटला नाही. शेजारच्या कर्नूल जिल्ह्यातील एका कचेरीत तर तहसीलदार आणि अर्जदार यांच्यामध्ये भीतीपोटी दोर बांधला गेला. हिंसेने दूर केलेले अंतर मला इतिहासात क्वचितच आढळते. वाढविलेले मात्र जागोजागी दिसते.

विम्याच्या बाबतीत हैदराबादकरांवर एक वेगळी जबाबदारी येते. देशभरच्या विमा कंपन्यांवर देखरेख करणारे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण याच शहरात आहे. विमा लोकपालाचेही एक कार्यालय येथे आहे, आणि तेथे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही. २०२४ मध्ये प्राधिकरणाने आरोग्यविम्याचे नियम बदलले. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिल्यावर, सिद्ध झालेल्या लबाडीखेरीज, माहिती दडविल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. समितीच्या मान्यतेवाचून दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळल्यास पॉलिसीच्या कोणत्या अटीवरून, हे कळवावे लागते. श्रोतेहो, हे १८७९ चेच तत्त्व आहे. कागद दाखविला म्हणजे संपले नाही. कागदाच्या मागे काय आहे, ते सांगा.

नियम छापील आहेत. ते अमलात येतात का, हे मात्र रुग्णालयाच्या काउंटरवर रात्री अकरा वाजता उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवावरून ठरते. त्या माणसाचा राग मी खोटा मानत नाही. त्याची चेष्टा करणारी व्यवस्था आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेते. राज्यकर्त्यांनी आणि कंपन्यांनी सुप्यापासून हेच शिकावयाचे आहे की, तक्रारीचे दार बंद ठेवले तर लोक ते ठोठावीत बसत नाहीत. आणि आपण शिकावयाचे ते असे की, राग ज्या क्षणी कागद सोडून माणसाच्या गळ्याकडे वळतो, त्या क्षणी कागद लिहिणाराची सुटका होते.

१८७५ च्या कुळाला आपला रोखा वाचता येत नव्हता. शाळा निघाल्या त्या ही असहायता जावी म्हणून. आज आपण सारे साक्षर आहोत, आणि तरीही पॉलिसीचे बारीक टाइपातील पान न वाचता सही करतो. ती सही म्हणजे नांगराची निशाणीच आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, विमा व्यवसायातले लोकही असतील. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ शाळेला द्यावी आणि परिसरातील लोकांना त्यांचे कागद वाचून दाखवावेत, तक्रारअर्ज लिहून द्यावेत, एवढीच माझी या व्यासपीठावरून विनंती आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या शिक्षकपरंपरेला याहून साजेसे स्मारक मला सुचत नाही.