परगावच्या मैदानावरील अनुयायी : बोस्टनच्या ‘रॉयल रूटर्स’चे प्रवास (१८९७–१९१२)

क्रीडेचा इतिहास बहुधा खेळाडूंचा आणि आकड्यांचा लिहिला जातो. प्रेक्षक त्यात येतो तो उपस्थितीची संख्या म्हणून. त्यातही आपला संघ परगावी खेळावयास गेला असता स्वखर्चाने त्याच्या पाठोपाठ जाणारा प्रेक्षक जवळजवळ अनुल्लेखितच राहतो. कारण परक्या मैदानावरील संख्येत तो यजमान गावच्या गर्दीत मिसळून जातो. वास्तविक संघाशी असलेल्या नात्याची कसोटी अशा प्रवासातच लागते. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या ‘रॉयल रूटर्स’ या मंडळींच्या प्रवासांचे येथे परीक्षण करावयाचे आहे ते एका प्रश्नाच्या अनुरोधाने : असा प्रवास केल्याने अनुयायाला संघावर काही हक्क प्राप्त होतो काय?

बेसबॉलच्या ‘नॅशनल लीग’ची स्थापना १८७६ साली झाली. प्रत्येक संघाने निम्मे सामने स्वतःच्या गावी व निम्मे प्रतिपक्षाच्या गावी खेळावेत, ही व्यवस्था रेल्वेवाचून संभवत नव्हती. खेळाडूंना नेणारी गाडी प्रेक्षकांनाही नेऊ शकते हे ओघाने आलेच. पण तशी हौस, सवड आणि पैसा असणारे लोक थोडे. बोस्टनमध्ये ते एकत्र आले मायकेल मॅकग्रीव्ही याच्या मद्यगृहात. या गृहस्थाने आपल्या दुकानाला ‘थर्ड बेस’ असे नाव दिले होते. घरी जाण्यापूर्वीचा शेवटचा थांबा, असा त्यातील विनोद. वाद वाढला की हा ‘पुरे झाले’ म्हणून तो मिटवी, आणि त्यावरूनच त्याचे ‘नफ सेड’ हे टोपणनाव रूढ झाले. आयरिश वस्तीतील व्यापारी, कारागीर व राजकारणी तेथे जमत. जॉन फिट्झजेरल्ड हे त्यांपैकीच. ते त्या वेळी काँग्रेसचे सभासद होते आणि पुढे बोस्टनचे महापौर झाले. (राष्ट्राध्यक्ष केनेडी हे यांच्या कन्येचे पुत्र.) वॉर्डातील मतदार आणि मैदानावरील अनुयायी हे पुष्कळदा एकच होते, ही गोष्ट पुढील हकीकतीत ध्यानी ठेवावी लागेल.

१८९७ च्या सप्टेंबरात बोस्टन आणि बाल्टिमोर यांत अजिंक्यपदासाठी चुरस होती. बाल्टिमोरने आधीची तीन वर्षे ते पद राखले होते. निर्णायक ठरणारे तीन सामने त्यांच्याच मैदानावर होते. शंभराहून अधिक रूटर्स बिल्ले लावून, वाद्ये घेऊन तेथे गेले. फिट्झजेरल्डही बरोबर होते. पहिला सामना बोस्टनने जिंकला, दुसरा गमावला. मधला रविवार विश्रांतीचा गेला आणि सोमवारी, २७ सप्टेंबरला, बोस्टनने १९–१० असा विजय मिळविला. अजिंक्यपद त्यांच्याकडे आले.

एवढ्यावरून ही निष्ठा अढळ होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९०१ साली नव्या ‘अमेरिकन लीग’चा संघ बोस्टनमध्ये आला. जुन्या संघाचा लाडका खेळाडू जिमी कॉलिन्स त्यात गेला; शिवाय जुन्या मैदानावरचे पन्नास सेंटांचे तिकीट नव्या मैदानावर पंचवीस सेंटांना मिळू लागले. रूटर्स नव्या संघाकडे वळले. ज्या संघासाठी चार वर्षांपूर्वी बाल्टिमोर गाठले, तो मागे पडला. निष्ठा होती ती संस्थेवर नव्हे, माणसांवर आणि गावावर. याला कोणी चंचलपणा म्हणेल. आमच्या मते, संघ मालकाचा नसून गावाचा आहे, ही समजूत येथे प्रथम स्पष्ट दिसते.

१९०३ ची पहिली ‘वर्ल्ड सिरीज’ या नव्या संघाने पिट्सबर्गविरुद्ध खेळली. नऊंपैकी पाच सामने जिंकणारा विजयी, असा नियम होता. बोस्टनमधील तीन सामन्यांनंतर चार सामने नऊशेंहून अधिक किलोमीटर दूर पिट्सबर्गला होते. रूटर्स तेथेही गेले. त्यांतील पहिला सामना गमावून बोस्टन १–३ असे मागे पडले. त्या मुक्कामात रूटर्सनी ‘टेसी’ हे एका संगीतिकेतील गाणे बँडच्या साथीने पुनःपुन्हा गाण्यास प्रारंभ केला. प्रतिपक्षाचा श्रेष्ठ खेळाडू होनस वॅगनर याची टवाळी करणारे शब्दही त्याच चालीवर बसविले. पुढचे चारही सामने बोस्टनने जिंकले.

गाण्याने सामने जिंकले, ही आख्यायिका तेव्हापासून चालत आली आहे. पिट्सबर्गचा टॉमी लीच याने त्या गाण्याने आपण त्रस्त झालो अशी साक्ष दिली, पण ती साठ वर्षांनंतरची. पिट्सबर्गच्या चेंडूफेक्यांची अवस्था पाहावी : लीव्हरचा खांदा दुखावलेला, डोहेनी मानसिक आजाराने दूर, म्हणून एकट्या फिलिपीला पाच सामने पूर्ण टाकावे लागले. बोस्टनकडे डिनीन व साय यंग असे दोघे ताज्या दमाचे होते. इतकी उघड कारणे असता गाण्याला मुख्य श्रेय देता येत नाही. तथापि रूटर्सना तसे वाटले, आणि हे वाटणेच इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे. विजयात आपला वाटा आहे अशी त्यांची खात्री झाली.

तिचा हिशेब १९१२ मध्ये झाला. ‘रेड सॉक्स’ आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्या मालिकेत एक सामना अंधारामुळे बरोबरीत सुटला, म्हणून ठरल्यापेक्षा एक सामना वाढला. न्यूयॉर्कचे सामने पाहून परतलेले रूटर्स १५ ऑक्टोबरला बँड वाजवीत फेनवे पार्कमध्ये शिरले, तो त्यांच्या नेहमीच्या जागा इतरांना विकलेल्या! ते मैदानावरून हटेनात. अखेरीस घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मागे रेटले. या गोंधळात तयार होऊन थांबलेला चेंडूफेक्या जो वूड गारठला असे सांगतात. पहिल्याच डावात सहा धावा गेल्या आणि बोस्टन ४–११ असे हरले. कार्यालयाच्या दृष्टीने जागा म्हणजे तिकीट, आणि तिकीट आधी येईल त्याचे. परगावी केलेल्या फेऱ्यांची नोंद त्याच्या वहीत नव्हती. महापौर असलेल्या फिट्झजेरल्डनी जाहीर संताप व्यक्त केला, तो अनुयायी म्हणून किती आणि मतांचा हिशेब जाणणारा म्हणून किती, हे वेगळे करणे अवघड आहे.

दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक सामन्यावर रूटर्सनी बहिष्कार घातला. उपस्थिती १७,०३४ भरली, आदल्या दिवशीच्या जवळजवळ निम्मी. रूटर्स होते काही शेकडा. म्हणजे उरलेली तूट त्यांच्यामुळे रुष्ट झालेल्या, किंवा आदल्या दिवशीच्या पराभवाने निराश झालेल्या, सामान्य नगरवासीयांची होती. बोस्टनने दहाव्या डावात ३–२ असा विजय मिळविला. स्वतःच्या गावात मिळालेला हा विजय परगावी हटकून हजर राहणाऱ्यांनी पाहिला नाही.

मद्यबंदीमुळे १९२० मध्ये ‘थर्ड बेस’ बंद पडले. त्या जागेत पुढे सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा निघाली, आणि भिंतीवरील छायाचित्रे मॅकग्रीव्हीने बोस्टनच्या त्या ग्रंथालयास देऊन टाकली.