काडेपेटी, चिंचोके आणि सहा पाय

कोल्हापूर : मृग नक्षत्र लागले आणि पहिल्या सरी कोसळल्या, की ओल्या मातीतून लाल मखमली अंगाचा एक इवलासा जीव बाहेर पडतो. हा मृगाचा किडा. काडेपेटीत कोंडून तो शाळेत नेणे, हा मुलांच्या कित्येक पिढ्यांचा आवडता उद्योग. एक-दोन दिवसांत पेटीतला किडा मरतो आणि दुसऱ्याचा शोध सुरू होतो. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवणे, हा त्याच जातीचा दुसरा खेळ. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. किडा दिसला की किंचाळायचे आणि मोठ्यांनी औषधाचा फवारा मारायचा, एवढीच त्यांची ओळख. या दोन्ही टोकांच्या मधला एक मार्ग आहे. किडा नीट पाहायचा, त्याला सोडून द्यायचे आणि घरातील टाकाऊ वस्तूंतून तसाच एक करून पाहायचा.

कागदकामाच्या बाजारू पुस्तकांत किड्यांचे नमुने पुष्कळ असतात. पण त्यांतील निम्म्या किड्यांना चार पाय असतात आणि तेही पोटाला चिकटवलेले. मुलाच्या मनात एकदा ते चित्र ठसले की निघत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक हिशेब मुलांना सांगून टाकावा. कीटकाच्या शरीराचे तीन भाग : डोके, छाती आणि पोट. डोक्यावर दोन मिशा, ज्यांना शास्त्रीय भाषेत स्पर्शिका म्हणतात. पाय सहा, आणि सहाही छातीला. पंख असतील तर तेही छातीलाच. पोटाला काही लावायचे नाही. हा हिशेब पाळला, की साधी मातीची गोळीही कीटक दिसू लागते.

साहित्यासाठी दुकानात जाण्याचे कारण नाही. लगीनसराईनंतर घरोघरी साठलेल्या जाड, चकचकीत लग्नपत्रिका, रिकाम्या काडेपेट्या, चिंचोके, शेंगांची टरफले, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, खराट्याचे हीर आणि जुनी लोकर एवढे पुरते. डिंकाऐवजी घरची खळ वापरावी. दोन चमचे मैदा अर्धा कप पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण दाट व चकचकीत झाले की उतरवावे. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांच्या हाती द्यायच्या खळीत घालू नये. थोडी थोडी करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

टाकाऊतून खेळणी करण्याच्या या वाटेवर अरविंद गुप्ता यांचे नाव घ्यावेच लागते. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेल्या गुप्तांनी काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्या जोडणीतून मुलांना भूमिती शिकवली. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या या युक्तीचा किड्यांनाही उपयोग होतो. नळीचा छोटा तुकडा दोन काड्यांच्या मध्ये बसवला, की पायाला वाकणारा सांधा मिळतो. काड्यांची गुले मात्र आधी मोडून टाकावीत.

पहिला नमुना मुंगीचा करावा. शाडूच्या तीन गोळ्या : डोक्याची मध्यम, छातीची बारीक, पोटाची मोठी. छाती आणि पोट यांच्यामधली कंबर अगदी निमुळती ठेवावी. मुंगीची ओळख तीच. हिराचे सहा तुकडे छातीत खोचावेत, डोक्यावरच्या दोन मिशा मध्येच कोपरासारख्या वाकवाव्यात. गणेशोत्सवापूर्वी गंगावेस किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत फेरी मारली, तर मूठभर शाडू मिळण्यास अडचण पडू नये. शाडू नसल्यास दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे पाणी घालून घट्ट गोळा मळावा. मात्र कोल्हापूरच्या पावसाळ्यात मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि आठवड्याभरात मुंगी पाघळते, हा घरचाच अनुभव. जून ते सप्टेंबर शाडूच बरा.

फुलपाखरासाठी कागदाची मधोमध घडी घालून एका बाजूला रंगाचे थेंब टाकावेत आणि घडी दाबावी. दोन्ही पंखांवर एकसारखी नक्षी उमटते तेव्हा मोठ्यांनाही गंमत वाटते. पुढची जोडी आणि मागची जोडी वेगवेगळी कापावी. एकाच तुकड्यातून कापल्यास फुलपाखराला चार पंख असतात हे मुलांच्या लक्षात येत नाही. शरीर ज्वारीच्या धाटाच्या हलक्या गाभ्याचे करावे. रंग कोणते, असा प्रश्न पडला तर काळा आणि निळा घ्यावा. ‘ब्लू मॉर्मन’ हे या रंगांचे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. एखादे चौकस मूल सांगेल, की मी चारच पायांवर बसलेले फुलपाखरू पाहिले. त्याला खोटे पाडू नये. काही फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडलेले असतात, त्यामुळे ते दिसत नाहीत.

ठिपकेदार लेडीबर्ड भुंगेऱ्याचे काम थोडे नाजूक, पण सर्वांत समाधानाचे. त्याची लाल पाठ म्हणजे पंखांची पहिली, कडक झालेली जोडी. म्हणून पत्रिकेच्या लाल कागदाचे दोन अर्धगोल कापून पुढच्या टोकाला दोऱ्याने असे ओवावेत, की ते उघडतील. त्यांखाली पातळ कागदाचे दोन पंख घडी करून ठेवावेत. मुलाने झाकणे उघडली, की भुंगेरा उडायला तयार! हा भुंगेरा पिकावरील मावा खातो, हे करता करता सांगावे. ऊसपट्ट्यातील घरांना तर हे पटकन पटते. २००२ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा त्याला आवर घालण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. ‘किडा म्हणजे घाण’ असे घरात सरसकट म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

चिंचोक्याचा भुंगेरा पाच मिनिटांत होतो. अंड्यांच्या ट्रेच्या वाट्यांची अळीही तशीच सोपी. फक्त खरे सहा पाय पुढच्या तीन वाट्यांनाच लावावेत. मागे दिसणारे गुबगुबीत पाय तिचे तात्पुरते आधार, फुलपाखरू होताना ते उरत नाहीत. खरी अळी पाहायची असेल तर लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत शोधावी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. काजवाही भुंगेराच. काडेपेटीच्या काजव्याला पोटाच्या टोकाशी पिवळसर रंग द्यावा. पावसाच्या तोंडावर राधानगरीच्या जंगलात काजवे पाहून आलेल्या मुलांना, दिवा डोक्याला लावायचा नाही, हे सांगावे लागत नाही.

तीन वर्षांखालील मूल घरात असेल, तर चिंचोके आणि मण्यांसारख्या वस्तू वर ठेवाव्यात; ते सरळ तोंडात जातात. कात्री मोठ्यांच्या हाती असावी. थर्माकोलच्या गोळ्या टाळाव्यात; २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे.

राहिला मृगाचा किडा. तो पांढऱ्या बशीत क्षणभर ठेवावा आणि मुलांना पाय मोजायला सांगावे. सहा नव्हे, आठ भरतात. हा कीटक नाहीच. तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला. मोजून झाले की उचलला त्याच मातीत त्याला सोडावे आणि काडेपेटीत लाल लोकरीचा गोंडा ठेवून त्याला हिराचे आठ तुकडे लावावेत. मिशा लावू नयेत. त्याला त्या नसतात.